डावी पिसं, उजवी पिसं

४ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचं नव्या वर्षाचं कार्ड पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्या भावाचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पण निवृत्त माणसानं कुरकुरायला काहीतरी हवंच. ते काम गुडघ्यानं केलं की तोंडाला तेवढीच विश्रांती.

पत्राला कारण वेगळंच आहे. लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं, पण परवाच्या प्रकारानंतर कागद घेऊन बसलेच. वन्सं, आपल्या घरात बाण झालेत. ढेकूण व्हावेत तसे झालेत.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी घरामागच्या मैदानावर तिरंदाजीचं मंडळ सुरू झालं. तिथून हे वेड घरात शिरलं. आधी एक धनुष्य आलं. मग तयार बाण हाताला बसेनात म्हणून बाण घरीच करायचं ठरलं. आता न्हाणीघराच्या दारामागे लाकडी दांड्या, छत्रीच्या कुंडीत अर्धे झालेले बाण, चपलांच्या खोक्यांत पिसं, उशीच्या अभ्र्यात आणखी पिसं. सरस फ्रिजमध्ये, कारण बाहेर तो घट्ट होतो. धनुष्य पडद्याच्या दांडीवर. पोलादी टोकं साखरेच्या जुन्या डब्यात, आणि तो डबा साखरेच्या नव्या डब्याशेजारी. पुढचं सांगत नाही, पण एकदा आलेल्या पाहुण्यांनी चहा ढवळला तेव्हा कपातून असा काही आवाज आला की ते पुन्हा आलेले नाहीत.

परवा इमारतीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले. खुर्चीवर बसले, बोलले, गेले. त्या खुर्चीवर सरस सांडला होता आणि सरसावर तीन लाल पिसं. ती घेऊन ते जिना उतरले, ऑफिसला गेले, बैठकीत उभं राहून भाषण केलं. दिवसभर कोणी त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं सांगितलं. आता ते माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत.

घरातल्या दुसऱ्या माणसाचा धीर आता सुटत चाललाय. महिन्याभरात मागची खोली चालण्याजोगी झाली नाही तर सगळं सामान मंडळाच्या शेडमध्ये हलवायचं असं ठरलंय. शेडमध्ये उंदीर आहेत, त्यांना पिसं आवडतात.

तुम्ही छत्तीस वर्षं इस्पितळाचं भांडार सांभाळताय. तुमच्या हाताखाली एक सुई इकडची तिकडे होत नाही. यावर काही तोड सांगाल का?

तुमची,
वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा हसायला आणि एकदा कामासाठी.

दादा निवृत्त झाल्यावर असं काहीतरी करणार हे मला माहीत होतं. वजनमापं तपासायच्या नोकरीत यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूंचे काटे सरळ केले, पण घरात त्याचे मोजे कधी जोडीनं सापडले नाहीत. लहानपणी बाटल्यांची बुचं जमवायचा. चारशे बुचं, आणि ती माझ्या गादीखाली. का, तर त्याच्या गादीला टोचतात. आता या वयात पिसं! आणि तुझा धीर सुटला यात नवल नाही. मी असते तर शेडमध्ये सामानाबरोबर त्यालाही धाडलं असतं.

असो. आता नीट ऐक. सगळं सामान बाहेर काढून एका मोठ्या चादरीवर मांड. कपाटातल्या कपाटात आवरायला जाऊ नको, त्यानं फक्त पसाऱ्याची जागा बदलते. मग एकसारखं एकत्र कर. पिसांची रंगाप्रमाणे वाटणी कर, म्हणजे पाहताक्षणी हाताला लागतील. दांड्या जमिनीवर टेकवून ठेवू नकोस, वाकतील. भिंतीला दोन पट्ट्या मार आणि त्यांवर आडव्या झोपव. सरस, रोगण, वास येणारं सगळं एका झाकणाच्या डब्यात, खाण्याच्या वस्तूंपासून लांब. फ्रिजमधून आजच्या आज बाहेर! टोकदार वस्तूंच्या डब्यावर लाल चिठ्ठी. आमच्याकडे सुयांना लावतो. प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिही, आणि जे लिहिलंय तेच आत ठेव. लोकांना पहिलं जमतं, दुसरं जमत नाही.

हे सगळं दादाकडून करून घे. तू हात लावू नकोस. तुझा खांदा दुखतो हे मी विसरलेले नाही. पंचवीस वर्षं पडदे शिवलेस, आता नवऱ्याची पिसं वेचायची का?

इथे कामाचा नुसता रगाडा आहे. लशींचा नवा साठा आलाय, मान वर करायला सवड नाही. फोन करू नकोस, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. शिवाय लिहिलेलं दप्तरी राहतं.

तुझी,
वन्सं


२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन चादरी लागल्या.

तुमच्या भावानं पत्र वाचलं. बुचांचा मजकूर वाचून ते म्हणाले, "चारशे नव्हती, तीनशे सत्तर होती."  आणि तुमच्या आज्ञेप्रमाणे बाह्या सरसावून कामाला लागले. पट्ट्या ठोकल्या, डबे आणले, चिठ्ठ्या लिहिल्या. सरसाच्या डब्यावर त्यांनी "सरस" लिहिलं, आणि रोगणाच्या डब्यावर "त्याहून सरस".

आणि पिसं! पिसांची वाटणी त्यांनी एकट्यानं केली. दोन दिवस खोलीत पंखा लावायची बंदी होती. शिंकायला आम्ही गॅलरीत जात होतो. शेवटी पांढरी, लाल, पिवळी, करडी अशी चार डब्यांत बसली, आणि त्यांनी मला हाताला धरून दाखवायला नेलं. वन्सं, इतकं सुंदर दिसत होतं की खरं सांगायचं धाडस झालं नाही.

तुम्हाला सांगते, रागावू नका. पिसांना बाजू असते. पक्ष्याच्या डाव्या पंखाचं पीस एका अंगाला वळतं, उजव्या पंखाचं दुसऱ्या. एका बाणाला तीन पिसं लागतात आणि तिन्ही एकाच बाजूची हवीत. आधी ती अभ्र्यात डावी आणि खोक्यांत उजवी अशी होती. बाहेरच्याला पसारा दिसायचा, पण त्याला एक रीत होती. आता चारही डब्यांत डावी-उजवी एकमेकांच्या गळ्यात पडलीत, आणि कापून आखूड केलेलं पीस कुठल्या बाजूचं हे चष्मा लावूनही पटकन कळत नाही.

त्या डब्यांतली पिसं लावून सहा बाण झाले. रविवारी मैदानावर नेले. पहिला बाण निम्म्या वाटेपर्यंत बरा गेला, मग त्याला कुठलीतरी आठवण झाल्यासारखा वळला आणि शेजारच्या बाईंच्या लक्ष्यात जाऊन बसला. अगदी मधोमध. त्यांना वाटलं तो त्यांचाच. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सोडलेल्या, म्हणजे तिथे सोडलेल्या, दुसऱ्या बाणाचं काय झालं ते लिहीत नाही. प्रशिक्षक खाली वाकले म्हणून बरं.

वीस एप्रिलला मंडळाची स्पर्धा आहे. तोवर एकसारखे बारा बाण हवेत. त्यामुळे सध्या घरात एकेक पीस दिव्यासमोर धरून "डावं की उजवं" असा वाद चालतो.

तुमच्या सल्ल्यात चूक नव्हती हं. आम्हीच आधी सांगायला हवं होतं.

तुमची,
वहिनी


८ मार्च

वहिनी,

चूक होती. तुझ्या मोठेपणाची गरज नाही. मालाची माहिती न घेता मांडणी सांगितली, ही नवशिक्याची चूक आहे. माझ्या हाताखालच्या कोणी केली असती तर मी त्याला आठवडाभर बँडेजचे गुंडाळे मोजायला बसवलं असतं.

आता माहिती हवी. पिसं किती लांबीची? एका वेळी किती लागतात? त्यांना कसर लागते का? चेपली तर पुन्हा उभी राहतात का? दांड्यांतही प्रकार असतात का? दादाला विचारून लिही. त्यालाच लिहायला सांगितलं असतं, पण त्याचं अक्षर मला लागत नाही.

एक कपाट पाठवते आहे. इथे भांडारात मोडीत निघालं होतं. जुनं, लाकडी, अठ्ठेचाळीस लहान खणांचं. प्रत्येक खणाला पितळी चौकट आहे, तीत चिठ्ठी सरकवता येते. वरच्या खणांत डावी, खालच्यांत उजवी. मध्ये एक ओळ रिकामी सोड, म्हणजे घाईत हात चुकणार नाही. कपाट येईपर्यंत डाव्या पिसांच्या देठाला शाईचा एक ठिपका दे.

परवा बाजारात एक बाई कोंबड्या विकत होत्या. मी उभी राहून त्यांचे पंख बघत बसले. बाई म्हणाल्या, "घ्यायची आहे का?" मी म्हटलं, "नाही, डावा बघतेय." त्यांनी टोपली दुसरीकडे वळवली.

सोबत दादाला वेगळी चिठ्ठी आहे. तुला वाचायची तर वाच: "दादा, बायकोचा खांदा दुखतो आणि तू तिला दिव्यासमोर बसवून पिसं निवडायला लावतोस. लाज वाटू दे. तुझे बाण तू कर."

वन्सं


१७ मार्च

धाकटे,

हे पत्र मी मैदानाच्या बाकावर बसून लिहितोय. तुझ्या वहिनीला ठाऊक नाही.

पहिली गोष्ट. आरोपी मी नाही.

माझं या प्रकरणात एवढंच, की माझ्या जुन्या काट्यावर मी दांड्या तोलून देतो. बारा दांड्या वजनाला अगदी सारख्या लागतात, त्या मी काढतो. आणि पिसांची वाटणी, ज्याबद्दल मी कान धरलेत. धनुष्य तिचं. बाण तिचे. ज्या बाणापासून प्रशिक्षक वाकून वाचले तोही तिचा. खांदा धरला होता तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हलकं धनुष्य ओढून पाहायला सांगितलं. दोन महिन्यांत खांदा सुटला, पण धनुष्य काही सुटलं नाही. आणि धीर सुटला तो माझा. शेडची धमकी मी दिली होती. फ्रिजमधला सरस मी चटणी समजून पावाला लावला होता.

तिनं तुला का सांगितलं नाही, तर तू हसशील म्हणून. चाळिसाव्या वर्षी ती सायकल शिकत होती तेव्हा तू आली होतीस, आठवतं? ती आपल्या फाटकावर आदळली आणि तू पोट धरून हसलीस. तुझ्यापाठोपाठ सगळे हसले, मीही हसलो. तिनं सायकल त्याच दिवशी शेजाऱ्यांना देऊन टाकली. मी म्हटलं, "वीस वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली, "मी कुठे घेऊन बसले? तेच बसलंय."

तुझी पत्रं येत होती, तू मला झोडत होतीस आणि ती गालातल्या गालात हसत होती. म्हटलं, चालू दे. तुझ्याकडून शिव्या खायची मला सवय आहे.

आता दुसरी गोष्ट. कपाट पोचलं. फार देखणं आहे. आभार मानावेत म्हणून मी इस्पितळात फोन केला. भांडारातल्या एका बाईंनी उचलला. मी तुझं नाव सांगून विचारलं, "आहेत का?" त्या म्हणाल्या, "त्या? त्या ऑक्टोबरातच गेल्या."

मी मटकन खाली बसलो. पिसांच्या डब्यावर बसलो, पिवळ्या.  तिथूनच विचारलं, "कशानं?"

"कशानं म्हणजे? वयानं. साठ पूर्ण झाली की सगळेच जातात."

"सगळे?"

"हो. मागच्या वर्षी तर एकाच दिवशी चौघं गेले. मोठा केक आणला होता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नशीब, तुझ्या वहिनीनं फोन केला नव्हता.

म्हणजे गेले साडेचार महिने तू निवृत्त आहेस. मग लशींचा साठा कुठला? मान वर करायला सवड नाही ती कसली? आणि कपाटाच्या पावतीवर पाठवणाऱ्याचा पत्ता इस्पितळाचा नाही, कुठल्याशा इमारतीचा पहिला मजला, मागची बाजू असा आहे. हे पत्र त्याच पत्त्यावर पाठवतोय. तू कुठे आहेस? बरी आहेस ना? तुझं अक्षर मला लागतं, तेव्हा सगळं लिही.

दादा


३ एप्रिल

वहिनी,

दादाचं पत्र पंधरा दिवसांपूर्वी आलं. उत्तराला उशीर झाला. कागद तीनदा घेतला आणि तीनदा परत ठेवला. हे पत्र तुला लिहितेय, त्याला वाचून दाखव.

आधी सायकल. मला आठवत नव्हती. दादानं लिहिल्यावर आठवली, आणि मग सगळंच आठवलं. तू उठून पातळ झटकलंस, आम्हाला सगळ्यांना चहा टाकायला आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. मला तेव्हा वाटलं, दूध उतू गेलं असेल. वहिनी, मी वाईट हसले. मला स्वतःला सायकल येत नव्हती आणि कधी शिकायची हिंमतही झाली नव्हती, हे त्या हसण्यामागचं खरं कारण आहे. ते तेव्हा मला कळलं नव्हतं, परवा कळलं. मला माफ कर.

आणि तू बाण सोडतेस! मी ते वाक्य वाचून उभी राहिले. खोलीत उभं राहायला जागा नाही, तरी राहिले.

आता माझं. ऑक्टोबरअखेर मी निवृत्त झाले. इस्पितळाच्या आवारातली जागा महिन्याभरात सोडावी लागते, सोडली. ही एक खोली घेतली. सामानाची एकतीस खोकी आहेत. खोलीत आणून ठेवली तशीच आहेत, वहिनी. एकही उघडलेलं नाही. पाच महिने मी दोन पातळं, एक पातेलं आणि एक कप यांवर काढलेत. चमचा सतराव्या खोक्यात आहे हे मला माहीत आहे, कारण प्रत्येक खोक्यावर यादी चिकटवलीय. पण सतरावं खोकं काढत नाही. चहा पेन्सिलीनं ढवळते.

का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. छत्तीस वर्षं भांडाराच्या खिडकीशी माणसं यायची. "बाई, हे हवं, बाई, ते हवं, बाई, आत्ताच्या आत्ता हवं." मी रागवायची आणि द्यायची. आता खोकी उघडून सगळं जागच्या जागी लावलं, तरी मागायला कोण येणार? मीच ठेवायचं आणि मीच मागायचं. तेवढ्यासाठी हात उचलत नाही.

तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर दादा दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला असता आणि त्यानं ही खोकी पाहिली असती. ज्या बाईनं जन्मभर सगळ्यांना आवरायला शिकवलं, तिची ही खोली. तुझी पत्रं इस्पितळाच्या पत्त्यावर यायची. पहारेकरी ठेवून द्यायचा, मी दर मंगळवारी जाऊन घेऊन यायची. दुसऱ्या पत्राला तो म्हणाला, "बाई, लोकांना नवा पत्ता कळवा की." मी म्हटलं, "कामात आहे."

कपाट मोडीतलं नव्हतं. निरोपाला काय हवं विचारलं तेव्हा मी घड्याळ नको म्हटलं आणि ते कपाट मागून घेतलं. खोलीत ते रिकामंच उभं होतं. तुझं पिसांचं पत्र आलं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, याला काहीतरी काम मिळेल.

दादानं प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत. पिसं चेपली तर उभी राहतात का?

तुझी,
वन्सं


७ एप्रिल

वन्सं,

राहतात. किटलीच्या वाफेवर धरायची, हलक्या हातानं फिरवायची, जशीच्या तशी होतात. तुमचे बंधू ज्यावर बसले होते ती सगळी पिवळी पिसं मी अशीच उभी केली. एकही वाया गेलं नाही.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवायला घेतलं. चमच्यापर्यंत वाचलं, मग पुढचं त्यांनी वाचलं, मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पिसं डोळ्यांत गेली." गॅलरीत पिसं नव्हती.

सायकलचं मनात ठेवू नका. तुम्ही हसलात ते खरं, पण सायकल मी दिली. कोणी मागितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मैदानावर पहिला बाण सोडला तो माझ्याच पायापाशी पडला, आणि मागे दोन तरुण मुली फिसकन हसल्या. मी वळून म्हटलं, "तो मी जवळचा नेम धरला होता." त्या पुन्हा हसल्या, मीही हसले, आणि दुसरा बाण लावला. सायकलच्या वेळी हे सुचलं नाही, एवढंच.

आता कामाचं बोलते. कपाट मागच्या खोलीत उभं आहे. अठ्ठेचाळीस खण आणि मी दारात उभी. कुठून सुरुवात करू कळत नाही. माहिती मागितली होतीत ती सगळी देते, पण पत्रात मावणार नाही. पिसं पाच इंची आणि चार इंची. कसर लागते. दांड्या ताठ, कमी ताठ आणि अगदी लवचीक, तिन्ही दिसायला एकसारख्या. बाणाच्या मागच्या टोकाला, दोरीत अडकवायच्या खाचेच्या टोप्या तीन मापांच्या. टोकं दोन वजनांची. धाग्याची रिळं अकरा, त्यांतलं एक नेमकं मी शोधत असलेलं. पिसं चिकटवायचा साचा एकच, तो परवापासून सापडत नाही.

या. स्पर्धेच्या आधी चार दिवस या. पाहुणी म्हणून नाही, इथे पाहुण्याला बसायला खुर्ची नाही. काम आहे म्हणून या. आणि येताना सतरावं खोकं उघडून चमचा घेऊन या, आमचे सगळे सरसानं माखलेत.

तुमची,
वहिनी


४ मे

वहिनी,

काल सुखरूप पोचले. तुमच्याकडे चार दिवस म्हणून आले आणि पंधरा राहिले, याची मला लाज वाटायला हवी. वाटत नाही.

कपाटाच्या किल्ल्या दादाकडे देऊ नकोस. साचा तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसऱ्या खणात आहे. तो सापडला होता कुठे, हे आपल्या तिघांशिवाय कोणाला कळायला नको. सेक्रेटरींच्या छत्रीत कसा गेला हे त्यांनाही समजणार नाही.

स्पर्धेबद्दल एक लिहायचं राहिलं. तू रेषेवर आमच्याकडे पाठ करून उभी होतीस, त्यामुळे तुला दिसलं नसेल. तुझ्या प्रत्येक बाणाला दादा डोळे मिटून घ्यायचा आणि विचारायचा, "लागला?" छत्तीस बाण, छत्तीस वेळा. मी सांगायची. चौदा जणींत तुझा नववा नंबर आला तेव्हा तू म्हणालीस, "शेवटून सहावा." वहिनी, मी तुझे खांदे बघत होते. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला पाहतेय. कोणी बोललं की तू खांदे आत ओढायचीस. मला वाटायचं, तुझी ठेवणच तशी आहे. त्या दिवशी तू दोरी कानापर्यंत ओढलीस आणि दोन्ही खांदे असे उघडले की मी दादाला सांगायचं विसरले. तो डोळे मिटून विचारतच राहिला, "लागला? अगं, लागला का?" लागला होता. लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात.

आज सकाळी मी खोकी उघडली. अकरा झाली. बहुतेक सामान कोणाला ना कोणाला देऊन टाकण्यासारखं आहे. ते कशाला जपलं होतं कोण जाणे.

मी निघताना तू जे विचारलंस, मागच्या खोलीत पलंग मावेल का, त्याचं उत्तर देते. मी टेप लावून आले होते. मावतो. या महिन्याअखेर ही खोली सोडते. पण माझ्या अटी आहेत, लेखी देते.

एक. मी स्वयंपाकात लुडबुड करणार नाही, तुम्ही कपाटात करायची नाही.

दोन. मंडळाच्या शेडचं सामानही मी लावणार. प्रशिक्षकांशी माझं बोलणं झालंय. त्यांनी हो म्हटलं की नाही हे मला डाव्या कानामुळे नीट ऐकू आलं नाही, मी हो धरलंय.

तीन. सगळ्यात हलकं धनुष्य कोणतं ते मला दाखवायचं. हसायचं असेल तर समोर हसायचं.

चार. ही अवघड आहे. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्नात तुला कोणीतरी सांगितलं, नणंदेला अहोजाहो करायचं, आणि तू पस्तीस वर्षं करत आलीस. मी तुला अगंतुगं करत राहिले आणि मला कधी खटकलंही नाही. एका घरात राहायचं तर ते मला चालणार नाही. घरात लहानपणी मला चिमी म्हणायचे. तू तेच म्हण. आणि अहोजाहो बंद.

अटी मान्य असतील तर कळव. लेखी.

तुझी,
वन्सं


९ मे

वन्सं,

अटी वाचल्या. पहिल्या दोन तुमच्या भावानं मान्य केल्या. तिसरीला माझं काही म्हणणं नाही. धनुष्य काढून ठेवलंय, दोरी उतरवून, दोन खुंट्यांवर आडवं, तुम्ही दाखवलंत तसं.

चौथीसाठी काल दुपारी कागद घेऊन बसले. तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही ते. तुमचे बंधू म्हणाले, "त्यात काय, म्हणून टाक." मी म्हटलं, "तुम्हाला काय जातंय बोलायला?" आधी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग स्वयंपाकघरात कोणी नसताना मोठ्यानं म्हणून पाहिलं. स्वतःच लाजले आणि गॅस बंद करून बाहेर आले. तीन कागद फाडले. वरचा "वन्सं" पाहा, हात आपोआपच तसा चालतो. पण खोडत नाही, हा शेवटचा.

पलंगाला जागा केलीय. खिडकीपाशी, डाव्या अंगाला, म्हणजे उजवा कान खोलीकडे राहील.

चिमे, अटी मान्य.

ये.

वहिनी